अंबेजोगाई : येऊन राहिलेल्यांचें गांव

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर सान रेमो नांवाचें एक शहर आहे. पाठीशीं पर्वताची भिंत, पुढें भूमध्य समुद्र, आणि पर्वताच्या आडोशामुळें ऐन हिवाळ्यांतहि सौम्य राहणारी हवा, अशी त्याची जागा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंड व रशिया या देशांतील धनिक लोक, विशेषतः छातीच्या विकारानें पीडलेले, हिवाळा घालविण्यास तेथें येऊं लागले. रशियाच्या सम्राज्ञीनें 1874-75 चा हिवाळा तेथें काढला. आल्फ्रेड नोबेल यानेंहि 1896 सालीं तेथेंच देह ठेविला. हवा आणि पाणी यांच्या लोभानें परकी माणूस एखाद्या गांवीं येतो, आणि तो आल्यामुळें गांवाचें भाग्य बदलतें, याचें हें उत्तम उदाहरण होय.

असलीं गांवें आपल्याकडे नव्हतीं काय? होतीं, परंतु त्यांस आपण विश्रामस्थान म्हणत नव्हतों, तीर्थ म्हणत होतों. जेथें डोंगराच्या कुशींतून पाणी झिरपतें, जेथें सावली दाट आहे आणि जेथें बाजाराचा गलबला पोंचत नाहीं, अशी जागा पाहून आपल्या पूर्वजांनीं तेथें देव बसविला. सुखासाठीं जाणें आणि पुण्यासाठीं जाणें यांत त्यांनीं फारसा भेद ठेविला नाहीं. बीड जिल्ह्यांतील अंबेजोगाई हें अशा प्रकारचें गांव आहे. समुद्र तेथून सुमारें दोनशें मैल दूर. तरी समुद्रकांठच्या शेंकडों घराण्यांचें कुलदैवत तेथें नांदतें. या गांवाचा इतिहास चाळूं लागलें म्हणजे एक गोष्ट पुनः पुनः डोळ्यांत भरते. ज्यांच्यामुळें या गांवाची कीर्ति झाली, ते बहुतेक सर्व बाहेरून आलेले होते. आणि आले ते येथेंच राहिले, किंवा आपली खूण येथें ठेवून गेले. असें कां व्हावें, हें पाहण्यासाठीं प्रथम त्या भूमीकडे वळलें पाहिजे.

बीड जिल्ह्याचे स्वभावतः दोन भाग पडतात. उत्तरेस गोदावरीच्या कांठचा सखल, काळ्या मातीचा प्रदेश; त्यास लोक गंगथडी म्हणतात. दक्षिणेस बालाघाटाचें पठार. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूगर्भांतून लाव्हारसाचे लोट एकावर एक पसरले, ते थिजून हा काळा पाषाण झाला, आणि पुढें पावसानें व नद्यांनीं त्यास कापून कापून पायऱ्यापायऱ्यांची ही डोंगररांग घडविली. बालाघाट म्हणजे सह्याद्रि नव्हे. येथें आकाशास भिडणारे कडे नाहींत, बारमाही हिरवीं अरण्येंहि नाहींत. माळ चालत चालत जावें, आणि पायाखालची भूमि एकाएकीं तुटून समोर दरी उघडावी, अशी या रांगेची रीत आहे. वर उघडा माळ आणि खालीं झाडी. वर वारा आणि खालीं निवांतपणा. या पठाराच्या पूर्वभागांत, जयंती नावाच्या लहानशा नदीच्या कांठीं अंबेजोगाई वसली आहे.

या रांगेचें दुसरेंहि एक महत्त्व आहे. तिच्या उत्तर उतारावरचें पाणी थेट गोदावरीच्या खोऱ्यांत उतरतें. दक्षिण उतारावरचें मांजरा नदीस मिळतें. मांजरा याच जिल्ह्यांत उगम पावून फार दूर वळसा घालते आणि अखेर तीहि गोदावरीसच जाऊन मिळते. म्हणजे दोन बाजूंस वाहिलेलें पाणी शेवटीं एकाच पूर्वसमुद्रास पोंचतें. उन्हाळ्यांत हे डोंगर करपून जातात; परंतु मृगाच्या सरी पडल्यावर पंधरा दिवसांत त्यांचें रूप असें पालटतें कीं, पूर्वीं पाहिलेला हाच का तो डोंगर, असा संभ्रम पडावा. दऱ्यांतून ओहोळ धांवूं लागतात, कड्यावरून पाण्याच्या धारा पडतात, आणि पावसाळा ओसरतां ओसरतां सीताफळांचीं झाडें फळांनीं वांकतात. बीडच्या सीताफळास 2016 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. हें फळहि मूळचें येथलें नव्हे. तें अमेरिका खंडांतलें. समुद्रावरून या देशांत आलें आणि बालाघाटाच्या खडकाळ उतारावर, जेथें दुसरें फळझाड तग धरीत नाहीं, तेथें रानोमाळ पसरलें. गांवाप्रमाणेंच त्याच्या डोंगरानेंहि परक्यास आपलेंसें करून घेतलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

बाहेरून आलेल्यांत पहिला मान अर्थात् देवीचा. योगेश्वरी ही मूळची कोंकणची, अशी लोककथा आहे. परळीच्या वैजनाथाशीं तिचें लग्न ठरलें. वऱ्हाड घाट चढून, पठार तुडवून अंब्यापर्यंत आलें. येथून परळी अवघी सात-आठ कोसांवर. परंतु वाटेंत वेळ मोडला, कोंबडा आरवला आणि मुहूर्त टळला. देवी तेथेंच थांबली व कुमारीच राहिली. वऱ्हाडाचा दगड झाला. गांवाजवळच्या खडकांत कोरलेलीं जीं प्राचीन लेणीं आहेत, त्यांतील मोठ्या लेण्यास याच कथेवरून जोगाईचा मांडव म्हणतात. आणि तेथें उभ्या असलेल्या दगडी हत्तींमुळें त्या जागेस हत्तीखाना असेंहि नांव पडलें आहे. अखंड पाषाण पोखरून काढलेलें विस्तीर्ण अंगण, खांबांच्या रांगा, नंदीचा मंडप आणि जवळ जवळ खऱ्याएवढे हत्ती पाहिले म्हणजे थिजलेल्या वऱ्हाडाची कल्पना कोणास सुचली असेल याचें नवल वाटत नाहीं.

इतिहासाच्या दृष्टीनें ही कथा कशीहि असो, कोंकणस्थ घराण्यांपैकीं पुष्कळांची कुलस्वामिनी योगेश्वरी हीच आहे, ही गोष्ट खरी आहे. गुहागर-दापोलीकडील कुटुंबें पिढ्यान् पिढ्या लग्नमुंजीनंतर या दूरच्या घाटमाथ्याची वाट धरीत आलीं आहेत. रेल्वे व मोटारी नव्हत्या त्या काळीं सह्याद्रि ओलांडून, भीमा व सीना उतरून येथवर येणें म्हणजे केवढें दिव्य असेल! तरीहि तो संबंध तुटला नाहीं. मार्गशीर्षांत देवीचें नवरात्र बसतें आणि पौर्णिमेस त्याची सांगता होते. त्या दिवसांत थंडी पडलेली असते, आकाश स्वच्छ असतें. आणि देशावरची व कोंकणची मराठी एकाच ओवरींत कानीं पडते.

देवीनंतरचा दुसरा पाहुणा म्हणजे कवि मुकुंदराज. त्यांचा ‘विवेकसिंधु’ हा मराठींतील आद्य ग्रंथ होय, असें परंपरा मानते. ग्रंथांत त्याचा काळ शके 1110, म्हणजे इसवी सन 1188 असा दिला आहे, आणि स्थळ अंबानगर असें सांगितलें आहे. हें अंबानगर म्हणजे वैनगंगेच्या कांठचें आंभोरें, असें कित्येक विद्वानांचें मत आहे. काळाविषयींहि वाद आहेत. मात्र अंबेजोगाईच्या लोकांनीं आपल्यापुरता हा वाद केव्हांच मिटविला आहे. गांवाबाहेर डोंगराच्या कुशींत, खोल दरीच्या तोंडाशीं मुकुंदराजांची समाधि आहे. समोर झाडीनें भरलेली दरी, पावसाळ्यांत कड्यावरून कोसळणारें पाणी, आणि एरवीं पांखरांवांचून दुसरा शब्द नाहीं. वेदांत शिकावा तर अशा जागीं, असें पाहणाऱ्यास सहज वाटतें.

मुकुंदराजांची एक कथा या भागांत सांगतात. जयत्पाळ राजानें असा हट्ट धरिला कीं, घोड्यावर चढतांना रिकिबींत पाय ठेवल्यापासून मांड टाकीपर्यंतच्या अवधींत मला ब्रह्म दाखवावें. ज्यांना तें साधलें नाहीं, त्या साधूंस त्यानें बंदींत टाकिलें. मुकुंदराज आले, त्यांनीं राजास रिकिबींत पाय ठेवावयास सांगितलें, आणि त्याच क्षणीं राजाची समाधि लागली. कथेचा उत्तरार्ध मात्र अधिक बोलका आहे. राजा देहावर आल्यावर गुरूनें त्यास संस्कृत ग्रंथ दिला नाहीं. त्याच्या बोलींत, मराठींत, ग्रंथ रचून दिला. ज्ञानेश्वरी नेवाशास शके 1212 मध्यें सांगितली गेली. ‘विवेकसिंधु’चा शक खरा मानला, तर तिच्या आधीं शंभर वर्षें कोणीतरी एका दरींत बसून, ब्रह्मविद्या मराठींत मावते, हें सिद्ध करून दाखविलें होतें.

यानंतर येतो तो योद्धा. देवगिरीच्या यादवांपैकीं सिंघण राजाच्या पदरीं खोलेश्वर नांवाचा ब्राह्मण सेनापति होता. तो विदर्भांतला, अमरावतीकडील खोलापूर गांवाच्या नांवांत त्याची आठवण अद्याप आहे. गुजराथवर यादवांच्या ज्या स्वाऱ्या झाल्या, त्यांत त्यानें मोठा पराक्रम केला. या सेनापतीनें अंब्यास आपलेंसें केलें, देवळें बांधविलीं आणि शिलालेख कोरविले. गांवांत खोलेश्वराचें देऊळ आजहि त्याच्याच नांवानें ओळखलें जातें. बाराखांबी म्हणून प्रसिद्ध असलेलें सकलेश्वराचें भग्न देऊळहि त्याच यादवकाळाची साक्ष देतें. शके 1150 व शके 1162 या सालांचे येथील लेख यादवांच्या इतिहासाचीं महत्त्वाचीं साधनें ठरले आहेत.

यांपैकीं दुसरा लेख वाचतांना मन हेलावतें. खोलेश्वराचा मुलगा राम हाहि बापासारखाच सेनानी होता. गुजराथच्या स्वारींत नर्मदेच्या कांठीं तो लढतां लढतां पडला. त्याची बहीण लक्ष्मी हिनें भावाच्या स्मरणार्थ अंब्यास रामनारायणाचें मंदिर बांधविलें. तें साल शके 1162, म्हणजे इसवी सन 1240. राजांच्या प्रशस्तींनीं भरलेल्या त्या काळच्या लेखांत शत्रूंचीं मुंडकीं आणि हत्तींच्या झुंडी पुष्कळ भेटतात; परंतु दूरदेशीं पडलेल्या भावासाठीं देऊळ उभारणारी बहीण क्वचितच भेटते. राम नर्मदेवर राहिला; त्याचें नांव मात्र या घाटमाथ्यावर परत आलें.

मध्यंतरीं यादवांचें राज्य गेलें, बहामनी आली व फुटली, आणि बेदरच्या बरीदशाहीच्या दिवसांत या गांवास तिसरा मोठा पाहुणा मिळाला. ते दासोपंत. शके 1473 मध्यें नारायणपेठेच्या देशपांड्यांच्या घरीं त्यांचा जन्म झाला. वडील दिगंबरपंत यांच्याकडून सरकारी वसूल वेळेवर पोंचला नाहीं, म्हणून बादशहानें लहानग्या दासोपंतांस ओलीस ठेवून घेतलें, आणि मुदतींत रक्कम न आल्यास मुलाचा धर्म पालटला जाईल असें बजाविलें. अखेरच्या दिवशीं कोणी अनोळखी मनुष्य येऊन सर्व रक्कम भरून गेला. तो दत्तात्रेयच होता, असें परंपरा सांगते. एवढें खरें कीं, घरच्या वतनदारींत या मुलाचें मन पुढें रमलें नाहीं. घर सोडून, मातापूर येथें दत्ताची उपासना करून, फिरत फिरत ते अंबेजोगाईस आले आणि शके 1537 पर्यंत, म्हणजे देह पडेपर्यंत, येथेंच राहिले.

दासोपंतांनीं किती लिहिलें याचा विचार केला तर मति गुंग होते. एकट्या भगवद्गीतेवरील त्यांच्या ‘गीतार्णवा’ची ओवीसंख्या सव्वा लाख सांगतात. त्यांस रोज ढब्बू पैशाची शाई लागे, असें लोक म्हणतात. ही अतिशयोक्ति असली तरी तिच्यामागचें कौतुक खरें आहे. त्यांच्या ग्रंथांत सर्वांत विलक्षण म्हणजे त्यांची पासोडी. सुमारें 40 फूट लांब व 4 फूट रुंद अशा जाड कापडावर त्यांनीं पंचीकरणाचा, म्हणजे पंचमहाभूतांपासून सृष्टि कशी झाली या विषयाचा, विस्तार ओव्यांनीं व कोष्टकांनीं मांडला आहे. अंगावर पांघरावयाचें वस्त्र त्यांनीं ग्रंथाचें पान केलें. मराठींत ताम्रपटावर लिहिणारे झाले, शिळेवर लिहिणारे झाले. परंतु पासोडीवर तत्त्वज्ञान लिहिणारा हाच एक. त्यांच्या वंशजांचीं थोरलें देवघर व धाकटें देवघर अशीं दोन घराणीं गांवांत प्रसिद्ध आहेत. त्यांनीं कापडाचा हा नाजुक ठेवा पिढ्यान् पिढ्या उशापायथ्याशीं जपला, ही सामान्य सेवा नव्हे.

निजामाच्या अमदानींत गांवाचें नांवहि बदललें. तें मोमिनाबाद झालें. 1853 च्या तहानंतर निजामाच्या खर्चानें व इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखालीं जी हैदराबाद कंटिंजंट फौज राहिली, तिच्या घोडदळाचें एक ठाणें येथें होतें. उघडा माळ, कोरडी व निरोगी हवा आणि घोड्यांस दौडावयास मोकळी जमीन, हें सारें लष्करी माणसाच्या नजरेस भरण्यासारखेंच होतें. जी जागा मुकुंदराजांनीं एकांतासाठीं निवडली, तीच कर्नलसाहेबांनीं कवाइतीसाठीं निवडली! 1903 सालीं ही फौज हिंदी सैन्यांत मिळविण्यांत आली आणि छावणीचे दिवस संपले. आलेल्या पाहुण्यांत हे मात्र राहिले नाहींत. त्यांचें नांव कोणी देवळावर कोरलें नाहीं, त्यांची कथाहि कोणी जात्यावर गाइली नाहीं.

पुढें 1935 सालीं एक संन्यासी येथें आला. स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा सोडून सहकाऱ्यांसह मोमिनाबादेस आले आणि येथील योगेश्वरीच्या नांवाच्या शाळेस त्यांनीं वाहून घेतलें. त्या वेळीं हैदराबाद संस्थानांत राजभाषा उर्दू. उस्मानिया विश्वविद्यालयापर्यंतचें वरचें शिक्षण उर्दूंतून. ज्या गांवीं मराठीचा आद्य ग्रंथ झाला असें आपण अभिमानानें सांगतों, त्याच गांवीं साडेसातशें वर्षांनीं मराठी मुलास आपल्या भाषेंत शिकतां यावें म्हणून एका संन्याशास झगडावें लागलें. 1938 सालीं स्वामीजी शाळा सोडून स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहांत पडले; कारावास आणि लढा यांत पुढचीं दहा वर्षें गेलीं. 17 सप्टेंबर 1948 रोजीं संस्थान मुक्त झालें. 1956 सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, 1960 सालीं महाराष्ट्र राज्य झालें, आणि मोमिनाबादेचें नांव जाऊन जुनें नांव अंबाजोगाई या रूपानें परत आलें.

स्वामीजींचें नांव पुढें येथील ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयास देण्यांत आलें. 1974 सालीं तें सुरू झालें, तेव्हां खेड्यांतील रोग्यांसाठीं खेड्यांच्या मध्यभागींच वैद्यकीय विद्यापीठ नेण्याची ही कल्पना या देशांत नवी होती. 1983 सालीं व्यंकटेश माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथें भरलें. रोगी, विद्यार्थी, साहित्यिक, सर्व या माळावर येऊं लागले. देवीचें वऱ्हाड थांबलें, तें जणूं अद्याप थांबतेंच आहे.

परंतु ज्या भूमीनें हा सारा लौकिक मिळवून दिला, तिची आज काय स्थिति आहे? जुन्या काळीं गांव आपल्या नदीवर, बारवांवर आणि तीर्थांवर जगे. त्यामुळें नदी घाण करणें हें पाप होतें, आणि दरीवरचीं झाडें तोडणें म्हणजे आपल्याच विहिरीचे झरे तोडणें होतें. आतां पाणी धनेगांवच्या मांजरा धरणांतून नळानें येतें. ही सोय मोठीच आहे. तिची निंदा कोण करील? तथापि नळानें पाणी आलें, तेव्हांपासून गांवाचा दरीशीं असलेला व्यवहार तुटला. मग 2016 सालच्या उन्हाळ्यांत तेंच धरण आटलें, आणि शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. ज्या पठारावरून दोन खोऱ्यांस पाणी जातें, त्याच पठाराच्या आसपासच्या लोकांनीं पाण्याच्या गाडीची वाट पाहावी, यापरतें कठोर शिक्षण दुसरें कोणतें!

सान रेमोसारख्या गांवांनीं परकी पाहुण्यासाठीं मोठमोठीं विश्रामगृहें उभारलीं. समुद्र तेथें आहे, तोंवर पाहुणा येत राहील. आपल्या घाटमाथ्याचें तसें नाहीं. समुद्र आटत नाहीं. दरींतला झरा आटतो. डोंगरावरची झाडी गेली, ओहोळ बुजले आणि दरीच्या तोंडाशीं घरें उठलीं, तर मुकुंदराजांची समाधि राहील, पण त्यांस जेथें राहावेंसें वाटलें ती जागा राहणार नाहीं. हत्तीखान्याचे हत्ती आधींच ऊनपावसानें झिजले आहेत. बाराखांबीचे खांब पडके आहेत. आणि पासोडीचें कापड किती जपलें तरी शेवटीं कापडच. यांपैकीं कशाचेंहि रक्षण केवळ सरकारी फलकानें होणार नाहीं. ज्या लोकांनीं देवीच्या कथेसाठीं शतकेंच्या शतकें सह्याद्रि ओलांडला, त्यांच्या वंशजांनीं तिच्या दर्शनास येतांना तिच्या डोंगराकडेहि दृष्टि टाकावी. आणि गांवच्या लोकांनीं जयंती नदीस गटाराची वाट न समजतां आपल्या इतिहासाची पहिली ओळ समजावें. मुहूर्त टळला असतांहि देवी येथें राहिली, कारण राहावें अशी ही जागा होती. ती तशी राखणें, हें आतां येथें राहणाऱ्यांचें काम आहे.